'गिफ्ट' इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष आणि स्वीडिशमध्ये 'लग्न झालेला' असं कसं?

तुम्ही लिहिलंय की जर्मनचा पाया पक्का झालाय, आता नोकरीसाठी नेदरलँड्सला जायचंय, आणि डच वाचायला घेतलं की ओळखीचे शब्द भलतेच अर्थ घेऊन समोर येतात. एकाच घराण्यातल्या भाषांत असं का व्हावं आणि लक्षात कसं ठेवावं, हा तुमचा प्रश्न.

एकाच घराण्यातल्या आहेत म्हणूनच असं होतं. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. संस्कृत शब्द एकच, पण दोन घरांत दोन वाटांनी वाढला. युरोपातही हेच झालंय. तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ काय होता आणि तो कुठल्या बाजूला झुकला, एवढं कळलं की पाठांतर निम्मं कमी होतं.

'गिफ्ट'चा मूळ अर्थ नुसता 'देणं'. जर्मन 'गेबेन' (देणे) याच कुळातला तो शब्द. काय द्यायचं हे मात्र प्रत्येक भाषेनं आपापलं ठरवलं. इंग्रजीनं वस्तू धरली. स्वीडिशनं मुलगी देणं धरलं. आपण 'धाकटी साताऱ्याला दिली' म्हणतो तेव्हा 'लग्न करून' असं वेगळं सांगावं लागत नाही, तसंच. त्यातून तिथे 'गिफ्ट' (उच्चार 'यिफ्ट') म्हणजे विवाहित. जर्मनमधला विषाचा अर्थ आला वैद्यकातून. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे शब्दशः 'देणं'. जर्मनमध्ये त्याच धर्तीवर आपला 'गिफ्ट' वापरला गेला. विषाचं नाव उघड न घेता 'ती मात्रा' म्हणण्याची सोय झाली आणि पुढे तोच अर्थ उरला. आपण रोज म्हणतो तो 'डोस' त्याच ग्रीक शब्दावरून आलेला, आणि आपलं 'दान'ही त्याच्याच मूळ धातूचं, हे मला फार सुंदर वाटतं.

जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही. जर्मनमध्ये हुंड्याला आजही 'मिटगिफ्ट' म्हणतात. आता नीट बघा: विष 'दास गिफ्ट', नपुंसकलिंगी, हुंडा 'दी मिटगिफ्ट', स्त्रीलिंगी. डचमध्ये तर फरक एका अक्षराचा आहे. 'हेट खिफ' म्हणजे विष, 'दे खिफ्ट' म्हणजे देणगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, आर्टिकलसकट करा, म्हणजे नामाआधीच्या 'दास', 'दी', 'हेट', 'दे' अशा छोट्या शब्दासकट. या भाषांत आर्टिकल चुकलं की नुसतं व्याकरण चुकत नाही, कधी कधी अर्थच बदलतो.

याचा सगळ्यात ठळक नमुना तुम्हाला नेदरलँड्सच्या नकाशावरच दिसेल. जर्मनमध्ये 'मेर' म्हणजे समुद्र. 'झे' स्त्रीलिंगी असेल तर समुद्र (दी नॉर्डझे), पुल्लिंगी असेल तर तळं (देर बोडनझे). डचमध्ये हिशेब उलटा: 'झे' समुद्र, 'मेर' तळं. पूर्वी उत्तर समुद्राचा एक मोठा फाटा डच भूमीत आत शिरलेला होता, त्याचं नाव झाउडरझे, म्हणजे दक्षिणेचा समुद्र. 1932 मध्ये 32 किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पुरा झाला, समुद्राचं पाणी अडलं, आतलं पाणी हळूहळू गोडं झालं. मग नावही बदललं: आयसेलमेर. 'झे' जाऊन 'मेर' आलं, कारण डच माणसाच्या लेखी ते आता तळं होतं. जर्मन कान ठेवून वाचलंत तर बरोबर उलटं समजेल.

असे शब्द जोडीनं सरकतात, हे नीट लक्षात ठेवा. एकानं जागा सोडली की शेजारचा तिथे येऊन बसतो. म्हणून फसवा शब्द भेटला की लगेच विचारा: मग जर्मनमधल्या त्या अर्थाला डचमध्ये कोणता शब्द आहे? दोन्ही शब्द वहीत एकाच ओळीत लिहा. ऑफिसात रोज लागणारी जोडी सांगतो. जर्मन 'इश डार्फ निश्ट' म्हणजे मला परवानगी नाही. डच 'इक दुर्फ नीत' दिसायला तेच, पण अर्थ 'माझी हिंमत होत नाही'. परवानगीसाठी डचमध्ये 'इक माख नीत'. आणि 'इश माग' जर्मनमध्ये 'मला आवडतं'! साहेबांपुढे 'परवानगी नाही' म्हणायला जाल आणि 'मला भीती वाटते' असं सांगून बसाल.

'स्लिम'चं असंच. मूळ अर्थ तिरपा, वाकडा. जर्मन 'श्लिम' म्हणजे वाईट. 'वाकडा माणूस' म्हणताना आपणही त्याच वाटेनं जातो. डचमध्ये वाकड्याचा धूर्त झाला आणि धूर्ताचा हुशार. इंग्रजीनं डचांकडून उचलला तो सडपातळ या अर्थानं. डच माणसानं तुम्हाला 'स्लिम' म्हटलं तर ते हुशारीचं कौतुक आहे, तुमच्या बांध्याबद्दल काही नाही.

काही साम्यं मात्र निव्वळ योगायोगाची. स्वीडिश 'अ्योल' म्हणजे बिअर, इंग्रजी 'एल'चं भावंडं. जर्मन 'अ्योल' म्हणजे तेल, लॅटिन 'ओलेउम'वरून आलेलं. इथे मूळ खणून हाती काही लागत नाही, सरळ पाठ करा.

वेळेकडे खास लक्ष द्या. डच 'हाल्फ द्री' आणि जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच. ब्रिटिश माणूस 'हाफ थ्री' म्हणाला तर साडेतीन. अख्ख्या तासाचा घोळ. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जावं, कारण आपलं 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलंय, म्हणजे 'तिसरा अर्धा'. डच नेमकं तेच म्हणतात.

जोखीम मोजायची तर लांबलचक शास्त्रीय शब्द बहुधा सुरक्षित असतात. दगा देतात ते रोजचे छोटे शब्द. जर्मन 'बेलेन' म्हणजे भुंकणे, डच 'बेलेन' म्हणजे फोन करणे. असे शब्द सुटे भाषांतर यंत्रात घालू नका, अख्खं वाक्य घाला. तेही भाषा आपोआप ओळखू न देता स्वतः निवडून, कारण एकट्या 'गिफ्ट'वरून भाषा कुठली हे यंत्राला कळायला मार्गच नसतो.

लांब शब्दांतला एक अपवाद पैशांचा. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे आपला एक अब्ज. त्याला डचमध्ये 'मिल्यार्ड' म्हणतात. डच 'बिल्यून' आणि जर्मन 'बिलिओन' म्हणजे एक लाख कोटी, हजारपट. कागदपत्रात असा आकडा आला तर तो शून्यांसकट अंकांत लिहून मागा.