बाळंतिणीची खोली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सुनेचं बाळंतपण नॉर्मल झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली. आज पाचवा दिवस. रक्त अजून जातंच आहे. सकाळी उठून उभी राहिली की एकदम जास्त जातं, बाळाला पाजताना पोटात कळाही येतात. शेजारणी म्हणतात, "घाण आहे, जाऊ द्या." किती जाणं ठीक आणि किती नाही, हे घरच्या बाईनं कसं ओळखावं?
(एक सासूबाई, वाई)

उत्तर : उभं राहिल्यावर जास्त जाणं आणि पाजताना कळ येणं, या दोन्हींची काळजी नको. रात्रभर आडवं असताना योनीमार्गात साचलेलं रक्त उठल्यावर एकदम बाहेर येतं. आणि बाळ दूध ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. पान्हा त्यानंच फुटतो आणि गर्भपिशवीही त्यानंच आवळते. ती कळ म्हणजे पिशवी आपलं काम करते आहे.

"घाण आहे, जाऊ द्या" हे मात्र मनातून काढून टाका. याच एका समजुतीपायी बायकांना दवाखान्यात न्यायला उशीर होतो. जाणारं रक्त डोळ्यांच्या अंदाजानं नेहमी कमीच वाटतं, घडी घातलेल्या जाड जुन्या कापडात तर ते दिसतच नाही. म्हणून पॅड मोजा. २४ तासांत पाचाहून जास्त पॅड बदलावे लागले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, किंवा लिंबाहून मोठी गाठ पडली, तर कुणाची वाट न पाहता १०८ला फोन करा.

रंगही बघत जा. पहिले तीन-चार दिवस लाल, मग साधारण दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, त्यानंतर पिवळट-पांढरट. असं चार ते सहा आठवडे चालतं. तपकिरी झालेला स्राव पुन्हा लालभडक होऊन वाढला, तर वारेचा तुकडा आत राहिला असू शकतो किंवा पिशवीत जंतुसंसर्ग असू शकतो. दुर्गंधी किंवा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर संसर्गाचीच शंका धरा.

पोट हातानं बघणंही अवघड नाही. आधी सुनेला लघवीला जाऊन यायला सांगा. मग उताणी झोपवून गुडघे वाकवा आणि बेंबीखाली हलकेच दाबा. कच्च्या पेरूसारखा टणक गोळा लागला पाहिजे, तीच गर्भपिशवी. बाळंतपणानंतर तो बेंबीपाशी असतो आणि रोज साधारण एक बोट खाली सरकतो. म्हणजे आज तो बेंबीखाली चार-पाच बोटांवर असावा. दहा ते चौदा दिवसांत पोटावरून लागेनासा होतो. गोळा मऊ, वर चढलेला आणि उजवीकडे कललेला लागला, तर पहिली शंका भरलेल्या मूत्राशयाची. ते पिशवीला आवळू देत नाही, आणि पिशवी सैल राहिली की रक्त वाढतं. टाक्यांची आग होते म्हणून बायका लघवी धरून ठेवतात, तेव्हा दर तीन-चार तासांनी आठवण करा. लघवी होऊनही गोळा मऊच असेल आणि रक्त जात असेल, तर हातानं गोल चोळा, बाळाला छातीला लावा आणि गाडी बोलवा. घरी चोळत बसू नका.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती घरात कुणी विचारत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब सर्वात जास्त वाढू शकतो, गरोदरपणी नॉर्मल असला तरीही. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधारी, बरगड्यांखाली दुखणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच दाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा वर असेल तर तडक दवाखाना. वाढलेल्या दाबाचे झटके (फिट) बाळंतपणानंतरही येतात.

प्रश्न : मी नवीन आशा आहे. सहा दिवसांच्या बाळाचे श्वास एकदा ६४ आले, पुन्हा मोजले तर ५२. मध्येच बाळ श्वास घ्यायचंच थांबतं की काय असं वाटतं. कोणता आकडा खरा धरू?
(आशा कार्यकर्ती, जि. नंदुरबार)

उत्तर : दुसऱ्यांदा मोजलंत हेच बरोबर केलंत. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त आले तरच श्वास जलद धरायचा. इथे तसा धरायचा नाही.

नवजात बाळ घड्याळासारखं एका लयीत श्वास घेत नाही. काही श्वास भराभर, मग पाच-दहा सेकंद थांबा, पुन्हा भराभर. म्हणून १५ सेकंद मोजून चारानं गुणलं की आकडा हमखास चुकतो. पूर्ण ६० सेकंदच मोजा. झबलं वर करा आणि छातीऐवजी पोट बघा, कारण या वयात श्वास पोटानं चालतो. बाळ नुकतंच रडलेलं किंवा दूध प्यायलेलं असेल तर शांत होईपर्यंत थांबा. पाय गार असतील तर आधी आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ऊब द्या. गारठलेलं बाळही जलद श्वास घेतं.

थांबा २० सेकंदांचा झाला, ओठ निळे पडले, बरगड्यांखाली खोल खड्डा पडू लागला किंवा बाळ कण्हू लागलं, तर मोजत बसायचं नाही. बाळ आईच्या छातीशी तसंच उबेत ठेवून दवाखान्यात पाठवा. आजारी नवजाताचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी व्यवस्थेत मोफत आहे, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. पैशाच्या धास्तीनं लोक रात्र काढतात आणि ती रात्र फार महाग पडते.

ही मोजणी कमी लेखू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना हे शिकवलं. घड्याळ, थर्मामीटर आणि वजनाची झोळी घेऊन त्या घरोघरी जात. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी. तुमच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या भेटी त्याच कामातून आल्या आहेत.

प्रश्न : जन्मताना २९०० ग्रॅम असलेली मुलगी चौथ्या दिवशी २७०० भरली. आई म्हणते दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू करा.
(एक बाबा, संगमनेर)

उत्तर : दोनशे ग्रॅम म्हणजे सुमारे सात टक्के घट. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. पुढच्या वेळी त्याच काट्यावर, उघड्या अंगानं वजन करा. दुपटं आणि ओला लंगोट सहज शे-दीडशे ग्रॅमचा घोळ करतात.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी आणि पिवळी शी होत असेल, तर पुरतंय. रात्र धरून ८ ते १२ वेळा पाजायचं. तेवढं पाजूनही लघवी कमी असेल तर पकड बघा : तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राबरोबर काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा, विशेषतः खालचा, तोंडात. बाळ नुसतं टोक चोखत असेल तर चिरा पडतात, आईला दुखतं, ती कमी पाजते आणि दूध खरोखरच आटू लागतं. वरचं दूध तेच करतं : पोट भरलं की बाळ ओढत नाही, आणि जेवढं कमी ओढलं जाईल तेवढं कमी बनतं. आधी पकड सुधारा.

प्रश्न : बाळ पिवळं दिसतंय. कोवळ्या उन्हात धरलं तर उतरेल ना?
(एक आजी, डोंबिवली)

उत्तर : उन्हाच्या भरवशावर राहू नका. दवाखान्यातला निळा प्रकाश मोजून दिलेला असतो. उन्हात ते माप नाही, आणि उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायापर्यंत उतरलेली कावीळ, किंवा पिवळं बाळ झोपाळू होऊन पिईनासं झालं, तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. १४ दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर शीचा रंग बघा. शी पांढुरकी, मातकट आणि लघवी गडद पिवळी असेल तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर यश जास्त, म्हणून सव्वा महिना होऊ दे म्हणून थांबू नका.

प्रश्न : नाळेला हळद-तेल लावावं का? आणि बाळंतिणीनं लोहाची व कॅल्शियमची गोळी एकदम घेतली तर चालते का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाळेला काहीच लावायचं नाही; कोरडी ठेवा, लंगोट तिच्या खाली बांधा, एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. भोवतीची कातडी लाल झाली किंवा पू आला तर दाखवा. गोळ्या एकदम नकोत, कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा किंवा दूध नको, लिंबू-पाणी चालेल. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची आहे. सव्वा महिन्यानं बंद करू नका.