हलव्याला हलवा का म्हणतात

मनू बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज काल ऑफिसातून आल्यावर ऐकला, दोनदा ऐकला कारण मध्येच आजीचा मिक्सर सुरू झाला होता. तर भानगड अशी झाली की तू डब्यात आजीचा संक्रांतीचा काटेरी हलवा नेलास, मैत्रिणींना म्हणालीस घ्या हलवा, आणि त्या सगळ्या हसल्या, "ये हलवा थोड़ी है, ये तो इलायची दाना है, मंदिर वाला". घरी येऊन आजीला विचारलंस तर ती म्हणाली आईला विचार, माझा पाक बसेल. आजीचं बरोबरच आहे, पाक कुणासाठी थांबत नाही.

अगं माझ्याही वर्गात अगदी हेच झालं होतं. इंदुरात मराठी घरात वाढायचं म्हणजे हे एकदा तरी होतंच, आपण म्हणतो हलवा आणि समोरच्याच्या डोळ्यापुढे येतो गाजराचा नाहीतर मुगाचा. मी रडत घरी आले तर तुझी पणजी म्हणाली, सांग त्यांना, हा दिवसभर हलवत बसावं लागतं म्हणून हलवा. मला ते इतकं पटलं की पुढची कितीतरी वर्षं मी तेच सांगत फिरले. आता इथे मस्कतला आल्यावर कळलं की मूळ शब्द अरबी आहे, हलवा म्हणजे गोड पदार्थ, बस, कुठलाही. इथला ओमानी हलवा तर वेगळाच, स्टार्च, साखर, तूप, केशर, गुलाबपाणी घालून घोटतात, मऊ लिबलिबीत असतो आणि छोट्या कपातल्या कडू कॉफीबरोबर देतात. म्हणजे गाजराचा पण हलवा, हा पण हलवा आणि आजीचा काटेरी पण हलवाच. आपला हलवाई त्यातलाच. पण मैत्रिणींना तू पणजीचं उत्तर दिलंस तरी माझी काही हरकत नाही, ते जास्त छान आहे.

आणि इलायची दाणा म्हणाल्या ना, ते काही अगदीच चूक नाही हं. कामाची पद्धत तीच, मध्ये एक दाणा आणि त्यावर साखरेचे थर. आपल्या साखरफुटाण्यात फुटाणा असतो, हलव्यात तीळ, खसखस, चारोळी, शेंगदाणे, काही जणी तर लवंगेचा पण करतात. माझ्या ऑफिसात एक इराणी बाई आहे, तिने चहाबरोबर नोगल म्हणून काहीतरी दिलं, बघते तर काय, बदामाचे काप आणि वर पांढरी खडबडीत साखर. मी म्हटलं हा तर आमच्या संक्रांतीचा हलवा, ती म्हणाली आमच्या लग्नातला.

आता तुझा दुसरा प्रश्न, दुकानात पाकीट मिळतं तर आजी चार दिवस का बसते. तर तू उद्या तिच्याजवळ एक तास बस आणि नुसती बघ. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, म्हणजे मळी वर येते ती काढून टाकायची, एकतारी पाक झाला की गाळून कोमट ठेवायचा. मग परातीत मूठभर भाजलेले तीळ, खाली अगदी मंद आच, पणजीकडे कोळशाची शेगडी असायची, आजी गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवते. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. ओले असताना आवाज येत नाही, कोरडे व्हायला लागले की परातीत खुळखुळ सुरू होते, ती ऐकू आली की पुढचा चमचा. बघून नाही, ऐकून. तू कान दे, तुला पण कळेल.

काटे कुठून येतात तर ते पाक थोडा थोडा दिल्यामुळेच. एकदम जास्त पाक टाकला की दाणा गुळगुळीत होतो नाहीतर चार दाणे एकमेकांना चिकटून बसतात, आणि आच मोठी झाली की साखर पिवळी पडते आणि सुटून पिठी होते. हे मला कसं माहीत? मी अकरा वर्षांची असताना पणजी उठून देवळात गेली, मला म्हणाली फक्त हलवत राहा, आणि मला बाहेर पतंग दिसत होते म्हणून मी शेगडीला जोरात वारा घातला, लवकर होईल म्हणून. दोन दिवसांचा चारोळीचा हलवा, त्याचा पिवळा डगळा झाला. पणजी रागावली नाही, तोच डगळा फोडून चार दिवस सगळ्यांना दिला, आणि प्रत्येकाला सांगितलं हा मनीषाने केलाय. रागावली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं थंडीतच जमतं, इंदूरची जानेवारीतली हवा कोरडी असते म्हणून. मागच्या वर्षी आजीने डबाभर पाठवला होता, इथे समुद्र जवळ, दोन दिवस झाकण नीट लागलं नाही तर काटे ओलसर आणि सगळा गोळा. मग मी तुझ्यासारख्या घाईवाल्यांचा प्रकार करते, पाकातले दाणे. दोन वाट्या भाजलेले शेंगदाणे, एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, सगळं एकदमच कढईत आणि ढवळत राहायचं. आधी बुडबुडे येतात, मग पाक घट्ट होतो, मग एका क्षणी सगळं वाळूसारखं पांढरं कोरडं होतं आणि वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं, तिथेच गॅस बंद करायचा, अजून ठेवलं तर साखर वितळून चिक्की होते. लिंबू मात्र पिळू नकोस, लिंबाने साखर परत दाणेदार होत नाही, चिकट राहते. पंधरा मिनिटांचं काम, पण आजी जवळ असेल तरच कर, पाकाचा चटका फार वाईट असतो. काटे येत नाहीत त्याला, चवीला झकास.

चार दिवस बसण्याचं खरं कारण अजून एक आहे, यावर्षी मामीची पहिली संक्रांत. काळ्या साडीवर पांढरे हलव्याचे दागिने, हार, बांगड्या, बाजूबंद, मंगळसूत्र सगळं, आणि त्याला दोऱ्यात ओवायला एकसारखा टपोरा हलवा लागतो. तुझ्या बोरन्हाणाला पण केले होते, मुकुट आणि बासरी, आणि तू बासरी फोटो काढायच्या आधीच चोखून टाकलीस, म्हणून फोटोत तुझ्या हातात नुसता दोरा आहे. आता विचारू नकोस, अल्बम आजीच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, बघ.

बाबाला सांग सियागंजच्या बाजारात जाईल तेव्हा चारोळी घेऊन ये, पाव किलो, आणि वास घेऊन घे म्हणावं, जुनी असली की खवट लागते. आणि आजीची बोटं संध्याकाळी बघ, टोकं लाल झालेली असतील, ती सांगणार नाही. थोडं खोबरेल लावून दे.

तुझी,
आई