वर्षभरात बायबल संपवायचं की एक अध्याय नीट वाचायचा?

प्रश्न: पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत दरवर्षी जानेवारीत वर्षभरात बायबल वाचायचा तक्ता देतात. मी मनापासून सुरू करते, उत्पत्ती छान जातं, निर्गमात निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं आली की स्पीड कमी होतो आणि लेवीयमध्ये गाडी बंदच पडते. यंदा तर आई गेली, तेव्हापासून वाचायला बसते पण नुसते डोळे फिरतात, आत काही जात नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?
– एक भगिनी, नगर

उत्तर: ताई, आईंचं वाचून फार वाईट वाटलं, प्रभू तुमचं सांत्वन करो. आणि विश्वासाचं म्हणाल तर मला तसं अजिबात वाटत नाही, ज्याचा विश्वास संपलाय तो रोज बायबल उघडून बसत नाही हो.

66 पुस्तकं, 1,189 अध्याय, म्हणजे घरचं सगळं सांभाळून रोज तीन-चार अध्याय झाले. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, सगळं शास्त्र एकदा तरी नजरेखालून जायलाच हवं, पण तक्त्यावर किती टिकमार्क झाले त्यावर आत्मिक वाढ ठरत नाही. सध्या तो तक्ता कपाटात ठेवा आणि मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय आहेत. दिवसाला एक उतारा वाचा, तोच दुसऱ्या दिवशी परत वाचलात तरी चालेल.

दहावा अध्यायच बघा ना. याकोब आणि योहान येऊन म्हणतात आम्ही मागू ते दे, येशू विचारतो मी तुमच्यासाठी काय करू, तर ते त्याच्या उजवी-डावीकडच्या जागा मागतात. थोडं पुढे यरीहोबाहेर आंधळा बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प बस म्हणतायत, आणि येशू थांबून त्यालाही तोच प्रश्न विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? रोज बरोबर फिरणाऱ्या शिष्यांना मान हवाय, रस्त्यावरच्या भिकाऱ्याला फक्त दिसायला हवंय. त्याच अध्यायात आधी एक श्रीमंत माणूस येऊन गेलेला असतो, मालमत्ता सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन परत जातो, आणि हा बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उडी मारून उठतो, दृष्टी मिळाल्यावर घरी न जाता येशूच्या मागे चालायला लागतो, ती वाट यरुशलेमला जाते, वधस्तंभाकडे. अध्याय उरकायच्या नादात हे सगळं सुटतं. इथे थांबायचं, आज येशूने मला हेच विचारलं तर मी काय मागेन ते वहीत खरंखरं लिहायचं आणि तेच घेऊन प्रार्थनेला बसायचं.

कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला होता. सुरुवातीला पुस्तक आवडलं नाही तरी ते पेन्सिलने खुणा करत वाचत राहिले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा तिथून त्यांचा पाय निघेना. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुमचाही पाय असा कुठे अडकला तर अडकू द्या, पुढे जायची घाई करू नका.

आईंच्या आठवणीने जीव कासावीस होतो त्या दिवशी मार्कही राहू द्या, स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, देवा तू मला किती दिवस विसरणार आहेस असं तिथे दावीद सरळ विचारतो. स्तोत्र 88चा तर शेवटही अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर हे उसने घ्या, देवाला चालतात.

लेवीयला मात्र कायमची सुट्टी नको. शुभवर्तमान झालं की थेट 19वा अध्याय काढा. शेताच्या कडेचं पीक गरिबाला आणि परक्याला ठेवा हे तिथे आहे, परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचते ती ह्याच नियमामुळे, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे येशूने सांगितलेलं वचनही तिथलंच.

प्रश्न: मोबाईलवर रोज सकाळी एक वचन येतं, तेवढं पुरे का?
– एक तरुण, पुणे

उत्तर: सुरुवात म्हणून छान आहे, पण त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघत जा. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, हे फिलिप्पै 4:13 परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांच्या स्टेटसला असतं. त्याच्या आधीच्या दोन वचनांत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की भरपूर असो की उपाशी राहावं लागो, मी समाधानी राहायला शिकलोय, आणि हे तो कैदेतून लिहितोय. म्हणजे पेपर अवघड गेला, निकाल मनासारखा नाही लागला, तरी हे वचन तुमच्यासाठीच आहे. चारच अध्यायांचं पत्र आहे, आज रात्री एका बैठकीत वाचून काढा.