वाचकांचे प्रश्न : तलावात पोहणाऱ्यांनी प्रवाळावर जाताना

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते आणि अनेक वर्षे तरण तलावात नियमित पोहते. नाताळच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या मुलीसह मालवणला स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगणे) आणि जमल्यास स्कूबा डायव्हिंग (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली जाणे) करण्याचा विचार आहे. पोहता येत असताना वेगळी तयारी लागते का? तलावाच्या खोल बाजूला बुडी मारली की माझे कान दुखतात. शिवाय मागच्या सहलीत एका होडीवाल्याने आम्हांला पाण्यातल्या खडकावर उभे राहून माशांना बिस्किटे टाकायला सांगितले होते. ते योग्य होते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पोहता येणे ही जमेची बाजू आहेच, परंतु तलावात अंगवळणी पडलेल्या दोन सवयी प्रवाळावर जाताना सोडाव्या लागतात आणि त्यांतील पहिली जिवाशी निगडित आहे. बुडी मारताना आपण श्वास रोखतो. स्कूबामध्ये श्वास कधीही रोखायचा नसतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात पोहोचवणारे उपकरण, आपल्याला त्याच वाढलेल्या दाबाची हवा देतो. ही हवा छातीत कोंडून वर आल्यास ती दुपटीपर्यंत प्रसरण पावू पाहते आणि फुप्फुसाला इजा होऊन प्राणावर बेतू शकते.

कान दुखण्याचे कारणही दाबच आहे. मास्कच्या रबरावरून नाकपुड्या चिमटीत धराव्यात, तोंड मिटावे आणि बंद नाकात हलकेच हवा ढकलावी. कानात बारीक ‘टक’ असा आवाज होऊन दडा सुटतो. दुखू लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या मीटरपासूनच हे करत राहावे. कान मोकळा झाला नाही, तर थोडे वर यावे. जोर मात्र लावू नये. तलावातला गॉगल खोल पाण्यात चालत नाही, कारण तो नाक झाकत नाही आणि आतला दाब सारखा करता येत नाही. आपल्याला तीन मीटरच्या आतच त्रास होत असल्याने निघण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावे. सर्दी असेल, तर त्या दिवशी बुडी नकोच.

दुसरी सवय म्हणजे दमल्यावर पाण्यात उभे राहून पाय मारणे. त्या होडीवाल्याने दिलेला सल्ला चुकीचा होता, हे स्पष्टपणे सांगायला हवे. मालवणच्या उथळ पाण्यात अनेक प्रवाळ गोलसर किंवा खडकाला चिकटून पसरलेले असतात, त्यामुळे ते दगडासारखे दिसतात. पण जवळून पाहिल्यास त्यांच्यावर इवल्याशा वाट्यांची जाळी दिसते आणि प्रत्येक वाटीत एक जीव राहतो. त्यांना जोडणारी जिवंत त्वचा इतकी पातळ असते, की टाचेखाली ती सहज चिरडते. असे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यात समुद्र तापला, की प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल गमावून पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. आधीच सोसणाऱ्या या जिवांवर आपण पाय तरी ठेवू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही प्रवाळांना संरक्षण दिले आहे. तुकडा तोडणे तर नाहीच, किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही घरी आणू नये. बिस्किटांनाही ठाम नकार द्यावा, कारण शैवाल खाऊन प्रवाळांसाठी जागा मोकळी ठेवणारे मासे आयत्या खाद्याच्या मागे लागतात.

याचा सराव नाशिकमध्येच करता येईल. व्यवस्थापनाची परवानगी घेऊन तलावात मास्क, स्नॉर्कल (श्वासाची नळी) आणि फिन (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) लावावेत, पालथे आडवे तरंगावे, हात अंगाशी ठेवावेत आणि कमरेपासून संथ पाय हलवावेत. फिनमुळे पायाची लांबी वाढते, तिचा अंदाज येईपर्यंत हा सराव सोडू नये. पाठ भाजू नये म्हणून क्रीमपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बरा.

प्रमुख प्रशिक्षण संस्था वयाच्या दहाव्या वर्षापासून मुलांना प्रशिक्षकासोबत समुद्रात नेतात. तरी मुलीने आधी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करावे आणि स्कूबाचा निर्णय तिच्यावरच सोडावा. आग्रह करू नये.

परतीच्या प्रवासाकडे मात्र नाशिककरांनी विशेष लक्ष द्यायला हवे. स्कूबानंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि हवेचा दाब लवकर कमी झाल्यास त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळण्याची शिफारस आहे. ही खबरदारी साधारण 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होते. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे आणि नाशिकही जवळपास 600 मीटरवर, त्यामुळे सकाळी बुडी मारून संध्याकाळी घाट चढणे टाळावे. त्या रात्री मालवणलाच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघावे. पुढे अंदमानला गेल्यास विमानाआधीचा पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. पृष्ठभागावरील स्नॉर्कलिंगला हे बंधन नाही.