तंबूतली पहिली रात्र

प्रश्न : आमची नऊ आणि सहा वर्षांची मुले यंदा थंडीत तंबूत राहायला जाऊ या म्हणून मागे लागली आहेत. यजमान तयार आहेत, पण मला उघड्यावर झोपण्याची, किड्यांची आणि स्वच्छतागृहाची धास्ती वाटते. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे आणि ती मुलांसमोर लपवण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी एकच रात्र ठरवा. लोणावळ्याजवळ पवना जलाशयाच्या काठी तंबू, जेवण आणि स्वच्छतागृह यांची सोय करणारी बरीच ठिकाणे आहेत. मात्र आरक्षणापूर्वी स्वच्छतागृह तंबूपासून किती अंतरावर आहे आणि रात्री तिथे दिवा असतो का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्या. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे चांगलीच थंडी पडते आणि गारठा वरून लागतो त्याहून अधिक जमिनीतून चढतो, म्हणून पांघरुणाइतकेच लक्ष अंथरुणाखालच्या जाड चटईकडे द्या. तंबूची जाळीची चेन सतत लावलेली ठेवली की किड्यांचा प्रश्न बहुतांशी सुटतो.

दोन बाबतींत मात्र मुळीच सवलत देऊ नका. ऊब हवी म्हणून पेटती शेगडी तंबूत नेऊ नये, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. तसेच जलाशय शांत दिसला, तरी मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. काठालगतही तळ अचानक खोल होतो. सकाळी समोर तुंग आणि तिकोना दिसू लागतील, तेव्हा मुलांना गडांची नावे तुम्हीच सांगा.