पाटल्यांची वही आणि चाळीस टक्क्यांचा वाटा

"एक जण धंद्यात पैसे घालायला तयार आहेत, पण वाटा मागतायत. द्यावा का?" उद्योजकांना सल्ला देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: आपल्या धंद्याची किंमत नेमकी किती? कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका जोडप्याची गोष्ट त्यासाठी सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२४ च्या जानेवारीत दोघं आले. कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचा धंदा, अकरा वर्षांचा. घरामागच्या शेडमध्ये कांडप, सहा बायका कामाला. दादांच्या हातात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा करार होता. साडूच्या ओळखीतले पुण्याचे एक गृहस्थ २५ लाख द्यायला तयार होते आणि ४० टक्के वाटा मागत होते.

दादा चिडलेले होते. "मॅडम, वर्षाला एक कोटी आठ लाखांची विक्री आहे आमची. अठरा लाख सुटतात. टीव्हीवर त्या गुंतवणूकदारांच्या कार्यक्रमात एवढ्या विक्रीच्या कंपनीला पाच कोटी धरतात. आणि हे आम्हाला लुटायला बसलेत."

वहिनी गप्प होत्या. मांडीवरच्या कापडी पिशवीत काहीतरी घट्ट धरून बसल्या होत्या.

मी दादांना विचारलं, "हे अठरा लाख सुटतात म्हणता, त्यात तुमचा पगार कापलाय का?"

"मालकाला कसला पगार?"

"आणि वहिनींचा?"

त्यावर ते हसले. वहिनी हसल्या नाहीत.

इथे जरा थांबते, कारण बहुतेक घरगुती धंद्यांची किंमत इथेच चुकते. उद्या हा धंदा दुसऱ्या कुणी घेतला, तर दादांच्या जागी विक्री आणि वसुली बघणारा माणूस लागेल. वहिनी मिरचीची पारख करतात, भाजणी बघतात, सहा बायकांचं काम लावतात. त्या जागीही माणूस लागेल. शेड स्वतःची आहे, पण नव्या मालकाला भाडं द्यावं लागेल. म्हणून आम्ही कागद घेतला. दादांचे महिना ४० हजार, वहिनींचे ३० हजार, शेडचं भाडं १२ हजार. वर्षाचे झाले ९ लाख ८४ हजार. अठरातून ते गेले की उरले ८ लाख १६ हजार. धंद्याची खरी कमाई ही. बाकीचं त्या दोघांच्या घामाचं मोल आणि शेडचं भाडं होतं. तेही त्यांचंच आहे, पण त्याला नफा म्हणता येत नाही.

एका कुटुंबावर उभा असलेला, करारबद्ध गिऱ्हाइकं नसलेला धंदा असेल, तर मी अशा कमाईच्या तीन ते पाच पट किंमत धरते. विक्री वाढती असेल, एकाच व्यापाऱ्यावर भिस्त नसेल, ब्रँड नावाने मागितला जात असेल तर वरच्या टोकाला जाते. इथे किंमत आली साधारण साडेचोवीस ते एकेचाळीस लाख. आता त्या गृहस्थांचा हिशोब लावू. २५ लाखांना ४० टक्के, म्हणजे पैसे आल्यानंतरचा धंदा त्यांनी साडेबासष्ट लाखांचा धरला. त्यातून त्यांचेच २५ वजा केले, तर आजचा धंदा साडेसदतीस लाखांचा.

"दादा, किंमत त्यांनी वाईट लावलेली नाही," मी म्हटलं. दादांचा चेहरा पडला. हे सांगताना मलाही जड जातं. अकरा वर्षांच्या कष्टाला कुणी साडेसदतीस लाख म्हटलं की माणसाला ते स्वतःचंच मोल वाटतं. पण खोटा पाच कोटींचा आकडा डोक्यात घेऊन माणूस पुढे सगळेच निर्णय चुकीचे घेतो.

आणखी एक अवघड गोष्ट निघाली. जीएसटीच्या विवरणपत्रांत विक्री ८४ लाखच दिसत होती आणि आयकराच्या विवरणात नफा सात लाख. उरलेलं रोखीतलं, वहीतलं. बँक काय किंवा गुंतवणूकदार काय, वही बघत नाही. कर वाचवल्याचं समाधान मिळतं, पण धंदा विकायला किंवा कर्ज काढायला जाता तेव्हा किंमत त्याच्या कित्येक पटींनी कमी होते. शिवाय ते बेकायदेशीर आहे. सीएकडे बसून ते आधी नीट करा, त्याशिवाय मी पुढचं काम हातात घेणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी केलं. भुर्दंड बसला.

मग विचारलं, "२५ लाख कशाला हवेत?"

"बारा लाखांचं मशीन. पावडर आणि पाऊच पॅकिंग. आणि तेरा लाख मिरचीला. सीझनला पैसे कमी पडतात."

तेव्हा वहिनींनी पिशवीतून वही काढली. शाळकरी, दोनशे पानी, कडेला तिखटाचे लाल डाग. मधलं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "ताई, हे बघा की जरा." त्या पानावर सहा ओळी होत्या, २०१८ पासूनच्या. प्रत्येक ओळीत पाटल्या तारण ठेवल्याची तारीख, रक्कम, आणि सोडवल्याची तारीख. फेब्रुवारीत गेलेल्या, दसऱ्याच्या आसपास परत आलेल्या. फक्त २०२० ची ओळ डिसेंबरपर्यंत लांबली होती.

त्या पानावर सगळं होतं. या धंद्याला पैसा कधी लागतो, किती महिने लागतो आणि कधी सुटतो. लाल मिरची फेब्रुवारी ते मे या काळात घ्यायची, ब्याडगी आणि संकेश्वरी, आणि वर्षभरासाठी कोल्ड स्टोरेजला टाकायची. चटणी विकली जाईल तसा पैसा हळूहळू मोकळा होतो. आठ महिन्यांत परत येणारा पैसा. त्याच्यासाठी दादा जन्मभराचा वाटा द्यायला निघाले होते.

म्हणून मी त्यांना सांगितलं, जो पैसा फिरून परत येतो त्याला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसं उचलायचं आणि परत भरायचं कर्ज. मशीन पाच-सात वर्षं कमावून देतं, त्याला मुदत कर्ज. आणि ज्या कामात पैसा बुडूही शकतो, नवं शहर, जाहिरात, बाजारात न चाललेला माल, त्याला वाटेकऱ्याचा पैसा. कारण बँकेचा हप्ता थांबत नाही. वाटेकरी मात्र नफ्याबरोबर तोटाही वाटून घेतो. निदान घ्यायला हवा.

या गृहस्थांच्या करारात तेच नव्हतं. तिसऱ्या पानावर एक कलम होतं: तीन वर्षांनंतर मागितल्यास पूर्ण रक्कम दरसाल १८ टक्के व्याजाने परत करायची. म्हणजे २५ लाखांचे साडेअडतीस लाख. वर चाळीस टक्के होतेच, आणि बँक खात्यावर दोघांच्या सह्या लागणार होत्या. वाटा म्हणायचं आणि कर्जाची हमीही घ्यायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही. कराराचं शेवटचं पान आधी वाचा, असं मी सगळ्यांना सांगते. पैसे कसे येतात ते पहिल्या पानावर असतं, ते कसे परत जातात ते शेवटी.

शिवाय धंदा दादांच्या एकट्याच्या मालकीचा. अशा फर्ममध्ये कुणाला ‘शेअर’ देताच येत नाही. भागीदारी करावी लागते नाहीतर कंपनी. साध्या भागीदारीत एका भागीदाराने धंद्यासाठी केलेल्या देण्याला दुसऱ्याचं घरही बांधील असतं. दादांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

खर्चाची तुलना मी त्यांच्याच आकड्यांवर केली. सरासरी दहा लाख रुपये आठ महिने वापरले, व्याज साडेदहा टक्के धरलं, तर सत्तर हजार रुपये. आणि ८ लाख १६ हजारांचे चाळीस टक्के म्हणजे ३ लाख २६ हजार, तेही दरवर्षी, धंदा वाढेल तसे वाढत जाणारे. दादांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा मांडून बघितलं.

पण पैसे खरंच कमी होते का? उधारीची यादी मागवली. २७ लाख येणं होतं! तीन महिन्यांची विक्री बाजारात अडकलेली. जेवढे पैसे परक्याकडून मागत होते, त्याहून जास्त स्वतःचेच बाहेर होते. त्यातले नऊ लाख एकाच वितरकाकडे.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो वापरायला लोक लाजतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. दादांकडे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी होती, पण बिलावर तिचा क्रमांकच छापलेला नव्हता. तो छापून घेतला आणि सगळ्यांना एक नम्र पत्र पाठवलं. भांडण नाही, फक्त तारखा आणि कायद्याचा उल्लेख. ३१ मार्चच्या आत सात लाख आले. जुलैपर्यंत आणखी चार. मोठ्या वितरकाने माल घेणं बंद केलं. त्याचं प्रकरण अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे नेलं आहे, ते अजून चालू आहे.

मशीनसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज केला. त्यात तेव्हा पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळत होतं. बारा लाखांवर चार लाख वीस हजार. स्वतःचे किमान दहा टक्के घालावे लागतात. हे अनुदान हातात येत नाही. बँकेत बाजूला राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं होतं. खेळत्या भांडवलाला ते मिळत नाही. मशीन आधी घेऊन मागून अर्ज करण्याची चूक करू नका.

कॅश क्रेडिटसाठी छोट्या उद्योगांना अंदाजित वार्षिक विक्रीच्या वीस टक्के हा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा जुना ठोकताळा बँका आजही वापरतात. १ कोटी २० लाखांवर २४ लाख मिळायला हवे होते. विवरणपत्रांत विक्री कमी दिसल्यामुळे १५ लाखच मंजूर झाले, सरकारच्या पतहमी योजनेखाली, घर तारण न ठेवता. आणि नव्वद दिवसांपेक्षा जुनी उधारी बँकेने हिशोबात धरलीच नाही.

तेवढ्यात एक गोष्ट घडली. ११ मार्च २०२४ ला कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजार समितीत मिरचीचे दर कोसळल्यावर शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, गाड्या जाळल्या गेल्या. शेतकऱ्यांचं नुकसान वाचून वहिनी हळहळल्या. त्यांच्या माहेरी मिरची लावतात. पण जानेवारीतच २५ लाख हातात आले असते, तर दादांनी सगळी मिरची चढ्या दराने एकदम उचलली असती, हेही त्यांनी बोलून दाखवलं. तेव्हापासून त्या तीन टप्प्यांत घेतात.

वाढीचं मात्र दादांना पटायला वेळ लागला. त्यांना अकरा नवे मसाले काढायचे होते आणि सुपरमार्केटमध्ये आणखी जागा हवी होती. किलोमागे काय उरतं ते काढलं. सुपरमार्केटमध्ये कमिशन, परत आलेला माल आणि वाहतूक जाऊन ३१ रुपये, तेही तीन महिन्यांनी. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट कुरिअरने पाठवलेल्या किलोमागे ११८ रुपये, तेही आगाऊ. त्यांनी एक सुपरमार्केट सोडलं. त्या वर्षी विक्री नऊ लाखांनी घटली आणि दादा दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. मार्चअखेरचा ताळेबंद घेऊन मात्र स्वतःच आले.

पुण्याच्या गृहस्थांना मी निरोप पाठवला होता. व्याजाचं कलम काढा, वाटा २० टक्क्यांवर आणा, आणि पैसा फक्त मुंबईत विक्री उभी करायला वापरला जाईल, असा तो प्रस्ताव होता. त्यांनी नकार दिला. मला त्यात राग नाही, त्यांचा पैसा त्यांचा. आता फर्म भागीदारीची आहे, दोघांची निम्मी-निम्मी. वहिनींचे तीस हजार महिन्याच्या सात तारखेला त्यांच्या खात्यात जातात.

परवा फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. मागे बाजारातला गलका ऐकू येत होता. "ताई, दर उतरलेत. नऊ टन घेऊन टाकू का? मर्यादा शिल्लक आहे."

"कोल्ड स्टोरेजला गेल्या वर्षीची किती उरलीय?"

त्या थांबल्या. पानं उलटल्याचा आवाज आला. "बाराशे किलो."

"आणि सुपरमार्केटचा माल तर आता नाही."

"मग सातच घेते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.