हृदयाचा आवाज नीट आहे, मग इको कशाला?

प्रश्न : बाळ १२ दिवसांचं आहे. डाऊन सिंड्रोमची शंका म्हणून कॅरिओटाइप (रक्तातून गुणसूत्रांची तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलंय. छातीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) नाही, तरी इको करायचा का? पुढच्या बाळालाही धोका आहे का?

उत्तर : इको कराच, महिन्याच्या आत. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. पहिल्या आठवड्यांत फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे हृदयातल्या मोठ्या छिद्रातूनही रक्त जोराने जात नाही आणि स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. दाब उतरला की छिद्रातून फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं आणि बाळ दूध पिताना दमतं, डोक्याला घाम येतो, वजन अडतं. एव्ही कॅनॉल दोष (हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र आणि झडपांचा बिघाड) असेल तर शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांत होते. उशीर झाला तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडू शकतात.

कॅरिओटाइपचं रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीतच द्यायचं. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) जांभळ्या नळीत दिलं तर पेशी नीट वाढत नाहीत आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं. सीबीसी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हेही आत्ताच करा; टीएसएच ६ आणि १२ महिन्यांना परत, पुढे दरवर्षी. श्रवणचाचणी विसरू नका. हिरवी उलटी झाली तर मात्र थांबू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.

पुढच्या बाळाचं अहवालावर ठरेल. सुमारे ९५ टक्के बाळांत २१ क्रमांकाचं गुणसूत्र सुटं, जादा असतं. तेव्हा धोका साधारण १ टक्का, आईचं वय जास्त असल्यास थोडा अधिक. अहवालात ‘ट्रान्सलोकेशन’ (जादा २१ क्रमांकाचं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) असेल तर आईवडील दोघांचीही तपासणी हवी, एकट्या आईची नव्हे.